काळा कोट न घालणारा वकील

कर्जवसुलीची नोटीस घरी आली की आपण आधी रक्कम पाहतो आणि मग खालची सही. ती सही बँकेच्या अधिकाऱ्याची असते. पण त्या नोटिशीतला शब्द न् शब्द बहुधा दुसऱ्याच एका माणसाने तपासलेला असतो. तो म्हणजे बँकेचा विधी अधिकारी. कायदा शिकलेला, पण पूर्णवेळ पगारी नोकर असल्यामुळे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करू न शकणारा.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शाखा खेडोपाडी गेल्या आणि त्यांच्याबरोबर कर्जाचे कागदही. सातबारा पाहणे, गहाणखत तपासणे, जामीनदाराची सही नीट आहे ना ते बघणे, हे या अधिकाऱ्याचे रोजचे काम. दुसरे काम तारखांचे. मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपण्याआधी कर्जदाराकडून लेखी कबुली घेतली नाही, तर हक्काचा पैसाही बुडतो.

दावे दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे पडून राहत. म्हणून १९९३ साली कायदा होऊन कर्जवसुली न्यायाधिकरणे आली. २००२ च्या सरफेसी कायद्याने तर बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याची मुभा दिली. आधी ६० दिवसांची नोटीस, मग ताबा. शेतजमीन मात्र या कायद्यातून वगळलेली आहे.

इथे विधी अधिकाऱ्याची भूमिकाच बदलली. पूर्वी चूक झाली तर न्यायाधीश ती दाखवत. आता पहिला निर्णय बँकेच्याच टेबलावर होऊ लागला. मार्डिया केमिकल्स खटल्यात ८ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पण दाद मागण्याआधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. कर्जदाराच्या हरकतींचा विचार करून, त्या अमान्य असतील तर कारणे कळवलीच पाहिजेत, असेही बजावले. पुढे हे कर्तव्य कायद्यातच आले. आता असे उत्तर १५ दिवसांत द्यावे लागते.

म्हणजे या माणसाचे खरे कसब कलमे पाठ असण्यात नाही. वसुलीची घाई झालेल्या वरिष्ठांना "साहेब, ही नोटीस टिकणार नाही" असे वेळेवर सांगण्यात आहे. ते सोपे नसते, कारण पगार त्याच बँकेचा. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात नेमके हेच अवलंबित्व लक्षात घेतले आणि वकील व अशील यांच्यातील गोपनीयतेचे पूर्ण संरक्षण अशा पगारी कायदेतज्ज्ञांना मिळणार नाही, असे सांगितले.

तेव्हा नोटीस आली तर घाबरून ती कपाटात टाकू नका. हरकत असेल तर मुदतीत, लेखी कळवा. पलीकडे ती वाचून कारणांसह उत्तर देणे बँकेला बंधनकारक आहे. आणि ते वाचणारा माणूस जितका निर्भीड, तितके बँकेचे पैसे सुरक्षित आणि आपले घरही.