‘बैजू बावरा’तली मुलं पुढे कुठे गेली?

शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीतल्या एका मुलाने एकांकिका अशी काही गाजवली की टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील मला भेटायला आले. भाजीची गाडी लावणारा साधा माणूस. म्हणाले, “सर, याला शाळेतून काढून मुंबईला पाठवू का? सगळे म्हणतात, हिरो होईल.” त्यांना मी लगेच उत्तर दिलं नाही. मला एक जुना सिनेमा आठवत होता.

1952 साली विजय भट्ट यांचा ‘बैजू बावरा’ आला. संगीत नौशाद यांचं. नायक-नायिका भारतभूषण आणि मीनाकुमारी. सिनेमाच्या सुरुवातीला बैजू आणि गौरी लहान असतात. लहान बैजू झाला होता मास्टर रतनकुमार आणि लहान गौरी झाली होती बेबी तबस्सुम. पडद्यावर या मुलांना मोठं व्हायला क्षणभरही लागत नाही. रतनकुमारचा भारतभूषण होतो, तबस्सुमची मीनाकुमारी होते. प्रत्यक्ष आयुष्यात मात्र मधली आठ-दहा वर्षं जगून काढावी लागतात, आणि बहुतेक गुणी मुलं हरवतात ती याच वर्षांत.

रतनकुमारचं खरं नाव सय्यद नझीर अली रिझवी. त्या काळात त्याच्या तोडीचा बालकलाकार शोधून सापडला नसता. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये (1953) बापामागोमाग कलकत्त्याला जाणारा मुलगा तोच. ‘बूट पॉलिश’मधला (1954) भोला तोच. ‘जागृति’मधला (1954) कुबडी घेऊन चालणारा शक्तीही तोच. मग 1956 च्या सुमारास त्याचं कुटुंब पाकिस्तानात गेलं. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तिथे ‘जागृति’चीच कथा उचलून ‘बेदारी’ काढण्यात आला. चाली त्याच ठेवल्या, गाण्यांतल्या हिंदुस्तानच्या जागी पाकिस्तान घातलं आणि मुलगाही तोच घेतला. 1959 च्या ‘नागिन’मध्ये नीलोसोबत तो नायक झाला. पण मुंबईत त्याची जी ओळख होती, ती तिथे पुरली नाही. पुढे त्याने सिनेमा सोडला आणि देशही सोडला. 2016 साली अमेरिकेत त्याचं निधन झालं.

यावर फाळणीचा फटका बसला असं सहज म्हणता येईल. ते खरंही आहे, पण तेवढंच खरं नाही. ‘बूट पॉलिश’मध्ये त्याच्या बहिणीचं, बेलूचं काम केलेली बेबी नाज तर कुठेच गेली नाही. तिचं खरं नाव सलमा बेग. 1955 साली कान महोत्सवात तिच्या कामाचा खास गौरव झाला. त्यानंतर ती ‘देवदास’मध्ये लहान पारो झाली आणि ‘कागज के फूल’मध्ये गुरुदत्तची मुलगी. मोठी झाल्यावर तिला बहिणीची आणि मैत्रिणीची कामं मिळत राहिली. 1970 च्या ‘सच्चा झूठा’मध्ये राजेश खन्नाच्या पात्राचं नाव भोला आहे आणि त्याच्या अपंग बहिणीचं नाव बेलू. ती बेलूही नाजच! सोळा वर्षं उलटली, भोला बदलला, पण ही आपली बहीणच राहिली. पुढे श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांत तिने आवाज दिला. प्रेक्षक त्या आवाजावर खूश होते, पण चेहरा दुसरीचा होता.

आता मीनाकुमारीकडे पाहा. तीही बालकलाकारच होती. महजबीन बानो हे तिचं नाव. विजय भट्ट यांच्याच ‘लेदरफेस’मध्ये (1939) तिने पहिलं काम केलं आणि ‘बेबी मीना’ हे नावही त्यांनीच दिलं. मधल्या अडनिड्या वयात ती घरी बसून राहिली नाही. होमी वाडियांच्या पौराणिक आणि जादूच्या चित्रपटांत ती काम करत होती. ‘वीर घटोत्कच’, ‘श्री गणेश महिमा’, ‘अल्लादीन और जादुई चिराग’ असे ते चित्रपट. मोठे लोक त्यांना हलकं समजत. पण त्याच कामांनी बेबी मीनाची बाई झालेली लोकांच्या नजरेत बसवली. आणि मग तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या विजय भट्टांनीच गौरीसाठी तिची निवड केली. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअरचं उत्कृष्ट अभिनेत्रीचं पहिलंवहिलं पारितोषिक मिळालं.

म्हणजे फरक अभिनयाचा नव्हता. मधल्या वर्षांत छोटं-मोठं काम मिळत राहणं, वय वाढताना लोकांनी पाहत राहणं आणि योग्य वेळी आठवण ठेवणारं कुणीतरी असणं, या तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. नाजला काम मिळालं, पण लोकांनी तिला मोठं होऊ दिलं नाही. रतनकुमारला आठवणारी माणसं सीमेच्या अलीकडे राहिली. यातलं काहीही त्या मुलांच्या हातात नव्हतं.

राहिली तबस्सुम. नायिका तीही झाली नाही. पण तिची जबान साफ होती, उर्दूचा लहेजा गोड होता. 1972 पासून एकवीस वर्षं दूरदर्शनवर ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मध्ये तिने मोठमोठ्या ताऱ्यांना समोर बसवून बोलतं केलं. तिचा चेहरा नव्हे, तिची भाषा कामी आली. भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला याचा जरा जास्तच आनंद होतो, हे कबूल करतो.

आणि तारा होण्याची किंमत? मीनाकुमारीला शाळा मिळाली नाही. कोवळ्या वयापासून तिच्या कमाईवर घर चाललं. 1972 साली चाळिशीही न गाठता ती गेली. आपण यशाचं उदाहरण म्हणून जिचं नाव घेतो, तिची ही गोष्ट आहे.

आठवड्याने त्या वडिलांना मी बोलावून घेतलं आणि हे सगळं सांगितलं. म्हटलं, “मुलगा गुणी आहे, यात शंका नाही. नाटक बंद करू नका, शाळाही बंद करू नका. सिनेमा त्याला मोठा होईपर्यंत सांभाळेलच असं नाही. ते काम तुमचं आणि माझं.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे सर, हिरो झाला नाही तर तो नापास नाही ना?”

नाही. रतनकुमार नापास झाला नव्हता. नाजही झाली नव्हती. ‘बूट पॉलिश’ आज पुन्हा लावून पाहा, तुम्हीच सांगाल.