बाप्टिस्ट मंडळ्यांतील स्त्री-पाळक

बाप्टिस्ट पंथाचे नाव आपल्याकडे निघते ते बहुधा विल्यम केरीच्या निमित्ताने. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण श्रीरामपुरास (आपल्या नगरकडचे नव्हे, बंगालमधले) छापणारा हा मनुष्य बाप्टिस्ट मिशनरी होता. आजचा विषय त्याच पंथातल्या एका जुन्या भांडणाचा आहे. आपले ख्रिस्ती बांधव चर्चच्या समुदायाला मंडळी आणि तिच्या धर्मसेवकाला पाळक म्हणतात. तेच शब्द मी वापरणार आहे.

१६०९ च्या सुमारास अॅमस्टरडॅममध्ये आश्रयास राहिलेल्या काही इंग्रज मंडळींनी ठरविले की, बाप्तिस्मा अजाण बालकाला द्यावयाचा नाही; ज्याला समजून श्रद्धा आली त्यालाच द्यावयाचा. बाप्टिस्ट परंपरेचा आरंभ तेथून धरतात. त्याबरोबरच दुसरे एक तत्त्व रुजले. प्रत्येक मंडळी आपल्या कारभाराची मालक. तिच्यावर बिशप नाही, की पोप नाही. पाळक कोणाला नेमावयाचे हे मंडळीनेच ठरवावयाचे. आता, मंडळीने एखादी बाईच पसंत केली तर तिला नाही म्हणणार कोण?

हा प्रश्न काल-परवाचा नव्हे. १६४५ च्या सुमारास लंडनच्या कोलमन स्ट्रीट भागात श्रीमती अॅटवे नावाची लेस विकणारी एक बाई उपदेश करीत असे आणि तो ऐकण्यास लोकांची झुंबड उडे. तिची हकीकत आपल्याला मुख्यतः कळते ती टॉमस एडवर्ड्स नावाच्या तिच्या कट्टर विरोधकाच्या ग्रंथातून. इतिहासात स्त्रियांच्या वाट्याला पुष्कळदा असेच चरित्रकार येतात! पुढे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातील सँडी क्रीक येथे १७५५ साली जी मंडळी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत मार्था स्टर्न्स मार्शल होती. तिच्या प्रार्थनेने आणि उपदेशाने श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येई, असे जुने इतिहासकारच लिहून गेले आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेतले बाप्टिस्ट स्वतःला मोठ्या अभिमानाने ह्याच सँडी क्रीकचे वारस समजतात, हे ध्यानात ठेवावे.

गुलामांच्या मालकाला मिशनरी नेमावे की नाही, ह्या वादातून हे दाक्षिणात्य १८४५ साली वेगळे झाले आणि त्यांनी सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा महासंघ काढला. १८८५ साली त्याच्या अधिवेशनास आर्कान्सातून दोन स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या. मोठी खळबळ झाली आणि घटनेतला ‘सभासद’ हा शब्द काढून तेथे ‘बंधू’ हा शब्द घालण्यात आला. तो हलण्यास १९१८ साल उजाडावे लागले. परंतु पैसा मात्र भगिनींचा चालत होता. चीनमध्ये राबणाऱ्या लॉटी मून ह्या मिशनरी बाईच्या पत्रांवरून १८८८ साली स्त्रियांनी नाताळची वर्गणी गोळा केली. ती ३,३१५ डॉलर भरली. आजही ह्या महासंघाची परदेशी मिशनकार्याची मोठी वर्गणी मूनबाईंच्याच नावाने जमते.

उत्तरेकडील बाप्टिस्टांनी मात्र १९२१ साली हेलन बॅरेट माँटगोमेरी ह्यांना आपल्या महासंघाच्या अध्यक्षपदी बसविले, आणि इंग्लंडात व्हायोलेट हेजर पाळकपदाचे रीतसर शिक्षण घेऊन १९२६ साली पाळक झाल्या.

दक्षिणेत ती वेळ आली ९ ऑगस्ट १९६४ रोजी. स्थळ पुन्हा नॉर्थ कॅरोलिनाच, डरहम शहरातील वॉट्स स्ट्रीट मंडळी. अॅडी डेव्हिस तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. मधल्या काळात त्यांनी वडिलांच्या पश्चात घरचे फर्निचरचे दुकानही चालविले होते. सेमिनरीतले शिक्षण संपवून त्यांनी दीक्षा मागितली आणि वॉट्स स्ट्रीटने ती दिली. ह्या महासंघातील ही पहिली स्त्री-पाळक. मग निषेधाची पत्रे येऊ लागली. कोणी दीक्षा परत करा म्हणून बजावले, कोणी त्यांना सैतानाचे अपत्य ठरविले. काहींनी, धर्म काय तो आपल्या पतीपासून शिकावा, असा सल्ला दिला. बाई अविवाहित होत्या! परंतु पत्रांहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढची. दीक्षा मिळाली, पण त्यांना पाळक म्हणून बोलावणारी एकही मंडळी महासंघात निघाली नाही. अखेर त्या दूर व्हर्माँटमधील रीड्सबरो गावी, उत्तरेकडच्या पंथाच्या मंडळीत, पाळक म्हणून गेल्या. ज्या स्वातंत्र्याच्या बळावर एका मंडळीने त्यांना दीक्षा दिली, त्याच स्वातंत्र्याच्या बळावर बाकीच्यांनी दारे लावून घेतली.

तरी वाट पडली ती पडली. दीक्षित स्त्रियांची संख्या वाढू लागली, तशी महासंघाची भाषा कडक झाली. १९८४ च्या ठरावात तर, एदेन बागेत आधी पाप केले ते स्त्रीने, असे कारण दिले गेले. २००० साली श्रद्धापत्रिकेत पाळकपद पुरुषांपुरतेच असल्याचे कलम आले. पण हुकूम काढून एखाद्या मंडळीचा पाळक काढून टाकण्याचा अधिकार महासंघाला नाही. तो फक्त मंडळीला आपल्यातून वगळू शकतो. २०२३ साली न्यू ऑर्लिन्सला तेच घडले. लुइव्हिलच्या फर्न क्रीक मंडळीत लिंडा बार्न्स पोपम १९९३ पासून पाळक होत्या. त्यांनी अधिवेशनापुढे स्वतः उभे राहून आपली बाजू मांडली. मते पडली मंडळीच्या विरुद्ध ९,७०० आणि बाजूने ८०६.

ही बंदी महासंघाच्या घटनेतच घालावी, अशी दुरुस्ती पुढे आली. तिला दोनतृतीयांश मते हवी होती. २०२४ साली इंडियानापोलिसला सुमारे ६१ टक्केच मिळाली. २०२५ साली डॅलसलाही ती असाच प्रयत्न करून पडली. परंतु इंडियानापोलिसला दुरुस्ती पडण्याच्या आदल्याच दिवशी त्याच सभागृहाने व्हर्जिनियातील अॅलेक्झांड्रियाची फर्स्ट बाप्टिस्ट मंडळी प्रचंड बहुमताने बाहेर काढली होती. तिचा अपराध एवढाच की, एक स्त्री तेथे मुलांची व स्त्रियांची पाळक होती, आणि मुख्य पाळकपदही स्त्रीला मिळू शकते असे मंडळी म्हणत होती. त्या दिवशी तिचा मुख्य पाळक पुरुषच होता.