जुन्या सिंथेसायझरचा सेल बदलताना...

१९८०च्या दशकातील अनेक सिंथेसायझरमध्ये वादकाने घडविलेले आवाज एका छोट्या सेलच्या आधारावर जपले जातात. वाद्य बंद असतानाही हा सेल स्मृतीला वीज पुरवितो. तो संपला की आवाज पुसले जातात.

चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. तीत वापरलेल्या रोलँड टीआर-८०८ या तालयंत्राला स्मृतीसाठी तीन पेन्सिल सेल लागतात. ते बाहेरून बदलता येतात. १९८३च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये मात्र ३ व्होल्टचा लिथियम सेल आतील सर्किट बोर्डावर सोल्डर केलेला असतो. त्यावर ३२ आवाज अवलंबून असतात.

सेल काढताच हे आवाज नष्ट होतात. म्हणून ते आधी कार्ट्रिजवर किंवा मिडीद्वारे संगणकावर उतरवून घ्यावेत. वीजजोड काढूनच वाद्य उघडावे. नव्या सेलला थेट सोल्डर करू नये. उष्णतेने तो फुटू शकतो. बोर्डावर होल्डर बसवावा आणि धन-ऋण टोके तपासून सेल घालावा.

१९८१च्या कॉर्ग पॉलिसिक्समधील निकेल-कॅडमियम सेल वाद्य चालू असताना चार्ज होतो. त्याजागी साधा लिथियम सेल बसविणे धोक्याचे ठरते. हा सेल गळल्यास त्यातील क्षारद्रव्य बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. त्र्यंबकेश्वरसारख्या अतिपावसाच्या ठिकाणी दमट हवेने गंजण्याची ही क्रिया वाढते. त्यामुळे तेथे पावसाळ्यापूर्वी वाद्य तंत्रज्ञाकडून तपासून घेणे हिताचे.