कांद्याचा भाव आणि पत्त्याचं शेपूट

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजार समितीत उघड लिलाव चालतो. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात, व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत बोली लावतात आणि त्या सगळ्या गलक्यातून दिवसाअखेर मोजके आकडे उरतात: आवक किती क्विंटल, भाव किमान किती, कमाल किती, सर्वसाधारण किती. १९४७ साली स्थापन झालेल्या या समितीचे आकडे आधी फळ्यावर नि रजिस्टरात, मग दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दिसत. मार्च २००० मध्ये केंद्र सरकारच्या पणन व निरीक्षण संचालनालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला हाताशी धरून ‘ॲगमार्कनेट’ सुरू केलं आणि देशभरातल्या बाजारांचे रोजचे भाव एका मोठ्या तक्त्यात भरले जाऊ लागले. शेतमाल निवडा, तारीख निवडा, बाजार निवडा. पान समोर हजर.

गंमत अशी की ते पान आधी कुणी लिहून ठेवलेलंच नसतं. विचारणा आली की सर्व्हरवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, डेटाबेसकडून नेमक्या ओळी मागवून घेतो (या मागणीला क्वेरी म्हणतात), त्या पानात गुंफतो आणि पाठवून देतो. त्या संकेतस्थळाच्या जुन्या पत्त्यांना ‘डॉट एएसपी’ असं शेपूट असे. ज्याला ते वाचता येई, त्याला पडद्यामागे काय चाललंय ते कळे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढची दहा वर्षं नाशिकच्या पोरापोरींनी जी विद्या कमावली, ती या शेपटाची.

सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम १९९३ पासून होतेच, पण ते लिहिणं जिकिरीचं होतं. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःचा बायोडेटा कोण पाहून जातं हे मोजायला काही साधनं लिहिली आणि १९९५ च्या जूनमध्ये ती सर्वांना खुली केली. तीच पीएचपी. मायएसक्यूएल हा डेटाबेसही त्याच वर्षीचा. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या अखेरीस एएसपी आणलं. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे हे तंत्र आणि भारतातलं इंटरनेट जवळजवळ एका वयाचं.

नाशिकला मात्र इंटरनेट ही बराच काळ तासावर विकत घ्यायची वस्तू होती. सायबर कॅफेत घड्याळ लावून बसायचं, फोनची लाइन तुटली की कपाळाला हात लावायचा. अशा गावात संकेतस्थळं बनवायला शिकायचं कसं? उत्तर होतं ‘लोकलहोस्ट’. विंडोज ९८ च्या सीडीतच पर्सनल वेब सर्व्हर मिळे. तो घातला की घरचाच संगणक सर्व्हर बनायचा. सोबत ॲक्सेसची फाइल डेटाबेस म्हणून जोडली की झालं. इंटरनेटची तार घरात नसतानाही इंटरनेटचं काम शिकता येत होतं, आणि या विद्येच्या प्रसारातली ही सर्वांत मोलाची गोष्ट होती. कॉलेज रोड आणि कॅनडा कॉर्नरच्या आसपासच्या क्लासांत व्हिज्युअल बेसिकचा तेव्हा बोलबाला होता. एएसपी त्याच घराण्यातलं, त्यामुळे मास्तरांनाही नव्याने फारसं शिकावं लागलं नाही.

मग पीएचपीने बाजी मारली, आणि त्याचं कारण निखळ खिशाचं होतं. पीएचपी फुकट, अपाचे सर्व्हर फुकट, मायएसक्यूएलही २००० पासून मुक्त परवान्यावर. २००२ मध्ये हे सगळं एका गाठोड्यात बांधून देणारं ‘झॅम्प’ आलं. सीडीवरून टाका, ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये फाइल ठेवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाइप करा. पुणे विद्यापीठाने बीएस्सी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला पीएचपी नेमली, तेव्हा त्या विद्यापीठाखालच्या नाशिकच्या महाविद्यालयांतही ती अधिकृतपणे फळ्यावर चढली. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरलेले: ग्रंथालय, दवाखाना, वसतिगृह, हॉटेलचं बुकिंग. नावं बदलत, तक्ते तेच राहत. सिनियरचा कोड घेऊन रंग तेवढा बदलायचा, हाही अभ्यासक्रमाचा एक अलिखित भाग होता. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकाने ‘ही क्वेरी काय करते?’ विचारलं की खरं-खोटं उघडं पडे.

या शिक्षणातली एक खोट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या काळच्या बहुतेक पुस्तकांत वापरणाऱ्याने भरलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीत चिकटवायला शिकवत. पासवर्डच्या चौकटीत कुणी खोडसाळपणे क्वेरीचाच तुकडा लिहिला तर डेटाबेस दार उघडून देई. हा धोका डिसेंबर १९९८ मध्येच जाहीरपणे मांडला गेला होता, तरी ज्या जुन्या फंक्शनांवर त्या क्वेऱ्या बेतलेल्या होत्या ती पीएचपीतून काढायला डिसेंबर २०१५ उजाडला. सतरा वर्षं!

नाशिकला या विद्येची गरज लागण्याचं आणखी एक कारण आहे, ज्याकडे फारसं कुणी पाहत नाही. या शहरात दोन विद्यापीठं अशी आहेत, ज्यांचे बहुतेक विद्यार्थी नाशिकमध्ये राहतच नाहीत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं; राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. विद्यार्थी गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेला, नोकरी-शेती सांभाळून शिकणारा. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं, तेही राज्यभराच्या वैद्यकीय महाविद्यालयांचं. प्रवेशअर्ज, हॉल तिकीट, निकाल यांसाठी एवढ्या लोकांना गंगापूर रोड किंवा म्हसरूळ गाठायला लावणं शक्य नव्हतं. आसनक्रमांक टाकला की ज्याचा त्याचा निकाल दाखवणारं पान ही इथे चैन नव्हती. पुण्या-मुंबईत वेब ही धंद्याची गोष्ट म्हणून वाढली. नाशिकला तिची पहिली निकड भासली ती दूर असलेल्या माणसापर्यंत आकडा पोचवायची. कांद्याचा भाव असो की परीक्षेचा निकाल, मागणी एकच.

आकडा पोचला, अक्षर अडखळलं. मराठी मजकूर तेव्हा श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप होई आणि त्या फॉन्टांना स्वतःची गुप्त लिपी होती. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत साठवलेला असे इंग्रजी ‘एच’ आणि डॉलरचं चिन्ह. छपाईला ते चाले, डेटाबेसला नाही. फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ कचरा, आणि ‘निफाड’ शोधलं तर निफाड सापडत नसे. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ पासूनच होती. पण मायएसक्यूएलने युनिकोड नीट पेलायला २००४ ची ४.१ आवृत्ती यावी लागली. तरीही मूळ मांडणी ‘लॅटिन-१, स्वीडिश’ हीच राहिली, कारण तो डेटाबेस स्वीडनमध्ये घडलेला. ती सेटिंग बदलायला विसरलेल्या विद्यार्थ्याला आपल्या कष्टाने भरलेल्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसत. ही मूळ मांडणी २०१८ मध्ये, आठव्या आवृत्तीत बदलली.

ते जमलं तरी ‘ळ’ राहिलाच. मराठी कोशात ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ला खेटून, ‘व’च्या आधी बसला आहे. म्हणून मराठी यादीत ‘कावळे’ आधी आणि ‘काळे’ नंतर यायला हवेत, पण डेटाबेसला सरळ क्रम लावायला सांगितला तर काळे पुढे जातात. मतदारयादी, गुणवत्तायादी, सभासदांची नोंदवही: कुठेही हे पडताळून पाहावं. पुस्तकं इंग्रजी होती, उदाहरणांतली नावं स्मिथ आणि जॉन. या अडचणीचं उत्तर कुठल्याही धड्यात नव्हतं. ज्यांनी ते शोधलं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर.

शिकलेली बरीचशी मुलं हिंजवडीला गेली, अजूनही जातात. पण सगळा प्रवाह एकाच दिशेने वाहिला नाही. २००५ मध्ये पीयूष सोमाणी यांनी नाशिकमध्येच ‘ईएसडीएस’ ही कंपनी काढली, तीही इतरांची संकेतस्थळं सांभाळण्याच्या धंद्यातली. पुढे तिचं डेटा सेंटर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत उभं राहिलं. जिथे यंत्रांचे सुटे भाग घडत, त्याच वसाहतीत सर्व्हरच्या रांगा आल्या.

२०१५ च्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याने या विद्येला रस्त्यावर उतरवलं. २००३ च्या कुंभात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले होते. ती जखम शहराच्या लक्षात होती. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून ‘कुंभथॉन’ भरू लागलं. तिथे घडलेल्या उपकरणांपैकी ‘आशिओतो’ ही चटई तेव्हा शाळकरी वयात असलेल्या निलय कुलकर्णी आणि त्याच्या साथीदारांची. तिच्यावर पाऊल पडलं की सेन्सर मोजणार आणि आकडा पुढे पाठवणार. त्या कुंभात तिने १८ तासांत पाच लाख माणसं मोजली. गर्दीचा अंदाज बांधायचा तर त्या क्षणाचा आकडा हाती हवा. कालचं पान काय कामाचं?

या सगळ्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची मात्र पंचाईत होते. १९९६ पासून जगभरची पानं साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हमध्ये जुनी साधी पानं पुष्कळ सापडतात. पण पानं गोळा करणारा तिचा प्रोग्रॅम दुव्यावरून दुव्यावर जातो; तो अर्ज भरत नाही, तारीख निवडत नाही, आसनक्रमांक टाकत नाही. विचारल्याशिवाय न उमटणारी पानं त्याच्या हाती लागत नाहीत. त्यामुळे ज्या संकेतस्थळांत खरी कारागिरी होती, त्यांचं दर्शनी दार तेवढं जतन झालं आणि आतली कोठी गेली. लोकलहोस्टवरचे प्रकल्प तर कधी घराबाहेरच पडले नाहीत.

ते आहेत, पण सीडीवर. प्रकल्प-अहवालाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात, महाविद्यालयांच्या कपाटांत आणि नाशिककरांच्या माळ्यांवर. सीडी अमर नसते; वीस वर्षांची झाली की वाचता येईल याची खात्री नाही. १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये आहे, त्याच्याकडे ग्रंथ आणि हस्तलिखितं सांभाळण्याचा अनुभवही आहे. एखाद्या महाविद्यालयाने संगणक द्यावा, वाचनालयाने कपाट द्यावं आणि ज्यांच्या घरी १९९८ ते २०१० च्या दरम्यानचा असा अहवाल असेल, त्यांनी तो सीडीसकट नेऊन द्यावा. रद्दीवाल्याला देण्याआधी मागचा पुठ्ठा तेवढा उघडून पाहा.