तळटीप : दुबईच्या खाडीतली अब्रा

अब्रा – दुबईच्या खाडीत देरा आणि बर दुबई या दोन काठांमध्ये उतारू नेणारी लाकडी होडी. तिला पर्यटकांसाठी जपलेली शोभेची वस्तू मानणे अन्यायाचे आहे. 1960च्या दशकात अल मक्तूम पूल झाला, 1975मध्ये शिंदघा बोगदा, 2011मध्ये खाडीखालून ग्रीन लाइन मेट्रो. तरीही वल्ह्यांकडून डिझेल इंजिनाकडे वळलेली अब्रा टिकली, कारण देऱ्याचा मसाल्यांचा आणि पलीकडचा कापडाचा बाजार धक्क्यांना अगदी लागून आहेत आणि साध्या अब्राचे भाडे अनेक वर्षे एकच दिरहम राहिले. पर्यटकही तीत बसतात, हा आक्षेप खराच. पण त्याच बाकावर त्यांच्या शेजारी दुकानांतले नोकर आणि मजूर कामावर निघालेले असतात, आणि त्यांत भारतीय उपखंडातले पुष्कळ.