टिकायचे तर चिकटायचे

पाणी भरून ठेवलेली बादली दोन-तीन दिवस घासली नाही, तर तिची आतली बाजू बोटाला बुळबुळीत लागते. ओढ्यातल्या दगडावरून पाय घसरतो तोही अशाच थरामुळे. या थरांत शैवाल असले तरी जीवाणूही फार मोठ्या संख्येने असतात. सकाळी दात घासण्यापूर्वी जिभेला जाणवणारा दातांवरचा थर तर मुख्यतः जीवाणूंचाच असतो. असे असूनही पाठ्यपुस्तकातल्या चित्रात जीवाणू बहुधा एकटा आणि मोकळा दिसतो. हे चित्र कसे रूढ झाले, ते समजण्यासाठी तीनशे वर्षांहून अधिक मागे जावे लागेल.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक याने स्वतःच्या दातांवरचे किटण आपल्या भिंगाखाली पाहिले. त्यात त्याला असंख्य चिमुकले जीव वळवळताना दिसले. मग त्याने तीव्र व्हिनेगरने खळखळून चुळा भरल्या आणि पुन्हा किटण पाहिले. जीव जिवंतच होते! मात्र तेच किटण पाण्यात कालवून त्यात थोडेसे व्हिनेगर मिसळताच ते मेले. व्हिनेगर थराच्या बाहेरच्या जीवांनाच मारते, आतपर्यंत पोहोचत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १६८४ साली तो छापूनही आला. थरात राहणाऱ्या जीवाणूला संरक्षण मिळते, ही गोष्ट अशी अगदी आरंभीच नोंदली गेली होती.

पुढे दोनशे वर्षांनी जीवाणूशास्त्राला खरी गती आली ती रॉबर्ट कॉखच्या पद्धतीमुळे. एका जातीचा जीवाणू इतरांपासून वेगळा काढायचा, पोषक माध्यमात वाढवायचा आणि मग त्याचे गुणधर्म तपासायचे. या शुद्ध संवर्धनाच्या पद्धतीने क्षय, पटकी यांसारख्या रोगांची कारणे सापडली. आम्ही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आजही तिच्यावाचून पाऊल टाकू शकत नाही. पण चंबूतल्या आयत्या पोषक द्रवात जीवाणूला चिकटून राहण्याची फारशी गरज नसते. त्यामुळे निसर्गात तो कसा राहतो, हा प्रश्न बराच काळ बाजूला राहिला.

तो पुन्हा पुढे आणला पाण्यातील जीवाणूंचा अभ्यास करणाऱ्यांनी. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या आर्थर हेन्रिसी यांनी साध्या काचपट्ट्या पाण्यात बुडवून ठेवल्या आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पाण्यातील बहुतेक जीवाणू तरंगत नसून बुडालेल्या पृष्ठभागांवर वाढतात, असे त्यांनी १९३३ मध्ये लिहिले. १९४३ मध्ये क्लॉड झोबेल यांनी समुद्राच्या पाण्याबाबत त्याचे एक कारण सुचवले. समुद्रात अन्न फार विरळ असते; ते घन पृष्ठभागावर गोळा होते, म्हणून तिथे टिकून राहणे जीवाणूला फायद्याचे ठरते.

पण जीवाणू चिकटतो कशाने? एश्चेरिशिया कोलाय हा आतड्यातला जीवाणू तांबड्या रक्तपेशींत मिसळला तर पेशींचे पुंजके होतात, हे १९०८ पासून माहीत होते. त्याचा उलगडा व्हायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १९५५ मध्ये एडिंबरोच्या जे. पी. ड्यूगिड आणि सहकाऱ्यांनी या जीवाणूच्या अंगावरील सरळ, बारीक तंतूंचा पुंजके होण्याशी असलेला संबंध दाखवला. एकेका तंतूची जाडी अवघी सात नॅनोमीटरच्या आसपास. त्यांनी या तंतूंना 'फिंब्री' म्हटले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झालर. विशेष म्हणजे द्रवात मॅनोज ही साखर घातली की पुंजके होत नाहीत. तंतूच्या टोकाचे प्रथिन पेशीवरील मॅनोजला धरते. मोकळे मॅनोज मिळाले की ते त्यातच गुंतते. १९७७ मध्ये ओफेक, मिरेलमन आणि शेरॉन यांनी हीच पकड माणसाच्या श्लेष्मल आवरणाच्या पेशींवरही दाखवली.

चिकटणे रोगासाठी किती निर्णायक असते, हे दाखवले डुकरांच्या पिल्लांनी. त्यांना हगवण लागणाऱ्या कोलाय जीवाणूवर के८८ नावाचे तंतू असतात. इंग्लंडमध्ये स्मिथ आणि लिंगुड यांनी १९७१ मध्ये या तंतूंची जनुके असलेला प्लास्मिड जीवाणूतून काढून टाकला. विष तयार करण्याची क्षमता शाबूत असूनही त्या जीवाणूने हगवण होईना. आतड्याला धरून राहता न आल्याने तो विष योग्य जागी पोहोचवू शकत नव्हता. लगेच १९७३ मध्ये जोन्स आणि रटर यांनी गाभण डुकरिणींना के८८ची लस दिली, तेव्हा आईच्या दुधातील प्रतिपिंडांनी पिल्लांना संरक्षण मिळाले. जीवाणूला न मारता, नुसते चिकटू न देऊनही रोग टाळता येतो, हा या प्रयोगांचा धडा.

१९७८ मध्ये कॅनडातील विल्यम कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी हे धागे एकत्र विणले. निसर्गात जीवाणू शर्करामय तंतूंच्या चिकट आवरणाने पृष्ठभागाला आणि एकमेकांना धरून राहतात. शुद्ध संवर्धनात या खर्चिक आवरणाचा उपयोग नसल्याने ते न बनवणारे जीवाणूच पुढे सरसावतात, असे त्यांनी मांडले. म्हणजे जीवाणूचे जे रूप पाहायचे, तेच पाहण्याच्या पद्धतीमुळे नाहीसे होत होते! अशा थराला आज बायोफिल्म म्हणतात. रुग्णाच्या मूत्रनलिकेवर किंवा कृत्रिम सांध्यावर असा थर जमला की पोषक द्रवात तरंगणाऱ्या जीवाणूंवर ठरवलेली प्रतिजैविकाची मात्रा अनेकदा अपुरी पडते. कधीकधी तर ती नलिका किंवा सांधाच काढावा लागतो. लेव्हेनहूकच्या व्हिनेगरची गोष्ट अशी रुग्णालयात पुन्हा घडते.

हेन्रिसींचा प्रयोग शाळेतही करता येतो. स्वच्छ काचपट्टी दोऱ्याने बांधून तळ्याच्या पाण्यात किंवा माशांच्या टाकीत आठवडाभर बुडवून ठेवावी. बाहेर काढून एक बाजू पुसावी, दुसरी बाजू हळुवार धुवून वाळवावी, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवावी आणि मेथिलीन ब्ल्यूने रंगवावी. त्याच पाण्याचा एक थेंब दुसऱ्या पट्टीवर वाळवून तसाच रंगवावा. नंतर हात साबणाने धुवावेत. दोन्ही पट्ट्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत शक्तिशाली भिंगाखाली पाहून मुलांनी दिसेल तसे चित्र काढावे आणि ते पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवावे. दोन चित्रांतला फरक कशामुळे पडला, हा प्रश्न वर्गात चर्चेला घेता येईल.