दरडीने मोडलेला पूल

१/ स्वित्झर्लंडच्या ग्राउबुंडेन प्रांतात हिंटरऱ्हाइन नदीने कोरलेली एक खोल घळ आहे. तिचे नाव व्हियामाला, म्हणजे ‘वाईट वाट’. आल्प्स ओलांडणाऱ्या या मार्गाचा इतिहास रोमन काळापर्यंत मागे जातो.

२/ तेथील जुनी पायवाट एका ओहोळाच्या दरीपाशी अडत होती. १९९६ मध्ये अभियंते युर्ग कोन्झेट यांनी तिथे ४७ मीटर लांबीचा पादचारी पूल उभारला. लाकूड आणि पोलादाचा त्याचा सांगाडा हेलिकॉप्टरला पेलेल इतका हलका ठेवून हवेतून जागेवर आणला गेला.

३/ १९९९ मध्ये दरड कोसळली आणि तो पूल नष्ट झाला.

४/ नव्या पुलासाठी दरडीपासून सुरक्षित जागा निवडण्यात आली. मात्र तिथे दोन काठांच्या उंचीत सुमारे २२ मीटरांचा फरक होता. म्हणूनच २००५ मध्ये पूर्ण झालेला ५६ मीटरांचा पूल म्हणजे पोलादी दोरांना टांगलेला जिना आहे.

५/ पहिल्या पुलाची घडण हेलिकॉप्टरच्या क्षमतेने ठरवली, तर दुसऱ्याची कड्याच्या स्वभावाने. निसर्गात पूल रचताना दरीची रुंदी मोजण्याआधी वरचा कडा वाचावा लागतो, हे व्हियामालाने तीन वर्षांत शिकवले.